काहीच नको म्हणणारे पाहुणे

भाजी विकणाऱ्या बाईला माणसांवर विश्वास ठेवायला कुणी सांगू नये. लग्न होऊन आले तेव्हापासून मी मंगरूळपीरच्या बाजारात बसते. गिऱ्हाईक एका हाताने पैसे काढतं आणि दुसऱ्या हाताने सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार काड्या पिशवीत सरकवतं, हे मी रोज बघते. अडत्या माझ्याकडे बघून हसला की मी आधी काटा बघते. त्यामुळे अचलपूरचे पाहुणे आमच्या मुलीला बघायला आले, पोहे खाल्ले, चहा घेतला आणि मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "आमाले काहीच नको जी, पोरगी द्या, बास," तेव्हा माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी मनातल्या मनात काटा बघितला.

काहीच नको? संत्र्याचा बगीचा, पक्कं घर, पोरगा दिसायला बरा, बोलायला नीट, आणि काहीच नको?

पाहुण्यांची गाडी वळली नाही तोच माझी जाऊ म्हणाली, "मांगत नाही म्हंजे काहीतरी लपवून राह्यले." शेजारणीने फिट येत असेल असं सांगितलं. तिच्या सासूने पोराला पहिली बायको असेल अशी शंका काढली. आमच्याकडे मागणाऱ्याला लोभी म्हणतात आणि न मागणाऱ्याला खोटा. मी त्या दिवशी खोटा म्हणणाऱ्यांच्या पंगतीत बसले होते आणि मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

मुलगी मात्र एवढंच म्हणाली, "मले पसंत हाये, आई," आणि मेथीच्या वाफ्याला पाणी द्यायला निघून गेली. थोड्या वेळाने जाऊन बघते तर वाफा भरून पाणी बांध फोडून चाललं होतं आणि ही फावडं हातात धरून उभी. दहा वर्षांची असल्यापासून पाणी वळवणारी पोरगी. किती पसंत आहे ते मला तेव्हाच कळलं आणि भीती आणखी वाढली. घर खोटं निघालं तर हिला काय सांगायचं?

माझं माहेर कामरगावचं. तिथल्या बायका सोयरिकीची चौकशी शेजाऱ्यांकडे करत नाहीत, कारण शेजारी एकतर भांडलेला असतो नाहीतर उधारीत असतो. त्या चक्कीवर जातात. पिठाच्या चक्कीवाल्याला घर आतून माहीत असतं. ज्वारी येते की गहू, सणाला बेसन दळलं जातं की नाही, डबा घेऊन सून येते की सासू, आणि सून आली तर तिचं तोंड कसं असतं. माझ्या दोन्ही बहिणी अशा चक्कीवर तपासूनच दिल्या होत्या.

पण अचलपूरला उघड चौकशीला जाता येत नव्हतं. मुलाकडच्यांना कळलं तर अपमान, आणि अपमान झाला की सोयरीक तुटली. म्हणून निमित्त शोधलं. चिखलदरा पाहायला जायचं. वाटेत कारंजा आहे, अचलपूर आहे, सगळी जुनी गावं. कुणी विचारलं तर फिरायला निघालो. सारी गल्ली चकित झाली, कारण माझा नवरा कधी अमरावतीच्या पुढे गेला नव्हता आणि मळा सोडून एक रात्र बाहेर राहिला नव्हता. मुलगी तर नाचलीच. दोघांचे स्वेटर तिनेच पिशवीत कोंबले. "गाविलगड पाहाजा, फोटो काढजा," म्हणाली. खरं कारण मी तिला सांगितलं नाही.

नवऱ्याला बजावलं, "वाटंत कोनाले आपलं खरं सांगायचं नाही. अचलपूरवाल्यांचे सोयरे चहूकडे हाये. तुमी फक्त मान हालवा."

त्याने तिथेच मान हलवून दाखवली.

कारंज्याला बस बदलायची होती आणि पुढच्या गाडीला वेळ होता. नवरा म्हणाला, "फिराले निघालो म्हनलं तं थोडं फिरू तं खरं." आम्ही वेशीपाशी गेलो. माहेरी जाता-येता मी त्या गावातून जन्मभर गेले आहे, पण मान वर करून कधी बघितलं नव्हतं. काळ्या दगडांची उंच कमान, फटींतून उगवलेला पिंपळ, आणि खालून मोटारसायकली, केळीची गाडी, शाळेची पोरं. एवढा मोठा दरवाजा कुणीतरी भरवसा नव्हता म्हणूनच बांधला असेल, असं माझ्या मनात आलं आणि जुन्या लोकांविषयी आदर वाटला. नवरा मागे मान टाकून बघत होता.

"काहो ताई, चिखलदऱ्याले चालल्या का?"

मी दचकून वळले. माझ्याच वयाची एक बाई, जांभळं पातळ, चष्मा. मागे मफलर गुंडाळलेला तिचा नवरा.

"तुमाले कसं माहीत?"

"पिशवीतून सोटर दिसून राह्यलं न. या दिवसात सोटर घेऊन मानूस आनखी कुठं जाईन? आमीबी तिकडंच चाललो."

पिशवी मी लगेच दुसऱ्या हातात घेतली. स्वेटरवरून गाव ओळखणारी बाई साधी नसते. बसमध्ये गोड बोलून प्रसाद देणारे, मग गळ्यातली पोत काढून घेणारे लोक असतात, हे आमच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे.

"कोन्या गावच्या तुमी?" तिने विचारलं.

"मालेगावच्या. भांड्याचं दुकान हाये."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. माझ्या नखांत मेथी निवडल्याचं हिरवं कायमचं बसलेलं आहे, ते कुठल्याच साबणाने जात नाही. मी हात पदराखाली घेतले.

"लेकरं?"

"एक पोरगा. पोरगी नाही आमाले."

हे मी इतकं सहज म्हटलं की मलाच नवल वाटलं. नवऱ्याने मान हलवायला हवी होती. तो मात्र पुन्हा वेशीकडे बघायला लागला. बाईने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"उपास हाये आमाले," मी म्हटलं. नवऱ्याने नेमकं तेव्हाच अर्धं बिस्कीट तोंडात घातलं होतं. पुडाही त्याच्या पिशवीतून डोकावत होता. बाईने डबा बंद केला.

बसमध्ये ती दोघं आमच्या पाठीमागच्या बाकावर बसली. मी अमरावतीपर्यंत डोळा मिटला नाही. बाहेर तूर पिवळी झाली होती, कापूस फुटला होता, आणि माझी मान मात्र मागे. अमरावतीला गाडी बदलली तर त्याच गाडीत ती. परतवाडा जवळ आला तसे समोर डोंगर दिसायला लागले. नवरा म्हणाला, "पाह्य वं, केवढाले हाये!" मी म्हटलं, "आधी पिशवी पाहा."

परतवाड्याला उतरल्यावर मी त्या बाईला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हटलं, "आमी सरळ वर चाललो." मग रसवंतीच्या आडोशाला जाऊन ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत थांबलो आणि ऑटो करून अचलपूर गाठलं.

आधी जुन्या दरवाजासमोर नवऱ्याचा फोटो काढला. मुलीला पुरावा हवा. अचलपूरचा तट बघून मला बरं वाटलं नाही. गाव एवढं जुनं, गल्ल्या एवढ्या अरुंद, की इथे काहीही लपवता येईल असं वाटलं. पत्ता माहीत होता. त्या गल्लीच्या तोंडाशीच चक्की सापडली.

चक्की चालू होती, हे संकट आधी सुचलं नव्हतं. गुपचूप विचारायचं आणि तेही ओरडून. मी चक्कीवाल्याच्या कानाशी जाऊन ओरडले, "थे कोपऱ्यावरचे संत्र्यावाले, घर कसं हाये?"

तोही ओरडला, "लय चांगलं हाये बाई! कायले विचारता?"

"भाड्यानं खोली पाह्यजे!"

"खोली नाही देत थे!"

रस्त्यावरची दोन माणसं थांबून ऐकायला लागली. नवरा जमिनीकडे बघत होता. मी नेटाने विचारलं, दळण काय येतं, कोण आणतं. गहू येतो म्हणाला. ज्वारीही येते. मग हाताने दाखवत म्हणाला, "डबे दोन येते पन! येगयेगळे! एकाचं पीठ दुसऱ्यात पडलं तं म्हातारा लय चिल्लावते!"

झालं. एका घरातून दोन डबे, आणि पीठ एकमेकांत पडू द्यायचं नाही. याचा अर्थ आमच्या माहेरची कुठलीही बाई झोपेत सांगेल. एका छपराखाली दोन चुली. भाऊ-भाऊ फुटलेले, किंवा सासू-सासऱ्यांचं जमत नाही, आणि येणारी सून दोन चुलींच्या मधे. म्हणून काहीच नको म्हणत होते! अशा घरात कोण मुलगी देतं? मग फुकट तरी मिळेल का, म्हणून हात जोडायचे.

मी पदर झाडून रस्त्यावर आले आणि माझे पाय थबकले. समोरच्या टपरीवर चहाचे ग्लास हातात घेऊन ती जांभळ्या पातळाची बाई आणि तिचा मफलरवाला उभे होते. बाईने मला बघितलं आणि हसली. ओशाळी हसली असती तरी चाललं असतं. अगदी ओळखीचं हसली.

"चोर हाये," मी नवऱ्याला म्हटलं. "पक्के. पाळत ठेवून राह्यले."

"चोर चहा पीत बसते का भररस्त्यात?"

"मोठे चोर बसते."

वर जायची काळीपिवळी जीप भरायला बराच वेळ लागला आणि शेवटच्या दोन जागांवर तेच दोघे येऊन बसले. घाट सुरू झाला. सागाची मोठमोठी पानं, एकीकडे भिंत आणि दुसरीकडे काहीच नाही, नुसती खोल दरी. दुसऱ्या कुणाबरोबर, दुसऱ्या कुठल्या कामाला आले असते तर मला ते आवडलं असतं. वळणांवर नवऱ्याला मळमळायला लागलं. बाईने त्याच्या हातावर आवळासुपारी ठेवली. मी नको म्हणायच्या आत त्याने ती तोंडात टाकली. पुढची सगळी वळणं मी दरीकडे न बघता त्याच्या डोळ्यांकडे बघत काढली. गुंगी काही आली नाही, उलट त्याला बरं वाटलं.

उतरलो त्याच लॉजवर तीही उतरली. संध्याकाळी सगळं गाव रबडी खात होतं, आम्हीही खाल्ली. थंडीत स्टीलच्या वाटीतली गरम रबडी, आणि माझ्या तोंडाला चवच नाही. मी नवऱ्याला सांगून टाकलं, "ही सोयरीक नाही करायची."

त्याने वाटी खाली ठेवली. "डब्यावरून?"

"डब्यावरूनच. तुमी पुरुष. तुमाले दोन चुली नाही समजत."

"पोरीले काय सांगशीन?"

"सांगीन काहीतरी."

तो गप्प झाला. तीस वर्षांत मी त्याला तोडून बोलले की तो असाच गप्प होतो आणि सकाळी उठून वाफे बांधायला जातो. इथे वाफे नव्हते.

सकाळी गाविलगडावर गेलो. ऊन पडलं होतं तरी गार वारा अंगाला झोंबत होता. एकामागून एक दरवाजे, मधे वळणं, म्हणजे आत आलेला शत्रू कोंडला जावा. दगडात कोरलेले पक्षी, त्यांच्या चोचीत आणि पायांत हत्ती. आत मात्र माणसाएवढं गवत, पडक्या भिंती आणि कोरडी शांतता. ती दोघं मागे होतीच. लांब, पण होतीच. मी ठरवलं की आता घाबरायचं नाही. नवऱ्याला बुरुजापाशी बसवलं, पैसे माझ्याजवळ ठेवले आणि मुलीसाठी मोठ्या तोफेचा फोटो काढायला पुढे गेले. घरी गेल्यावर हा फोटो मी तिच्या हातात देणार आणि त्याच दमात तिचं मन मोडणार. माझा मलाच राग आला, अचलपूरवाल्यांचा आला, आणि त्या चक्कीचाही आला.

परत आले तर ती बाई माझ्या नवऱ्याशेजारी बसली होती. मफलरवाला बाजूला उभा. आणि माझा नवरा, ज्याला फक्त मान हलवायची होती, तो घडाघडा बोलत होता.

"... वांग्यावर कीड कोन्या पानाखाली हाये थे तिले आधी दिसते. मले नाही दिसत. अन् घरी आली का पह्यले विचारते, बाबा जेवला का? आता गेली म्हंजे कोन विचारीन?"

तो रडत होता. भर उन्हात, परक्या बाईसमोर.

माझ्या डोक्यात आग पेटली. "कोन तुमी?" मी तिच्यावर ओरडले. "कारंज्यापासून मागं लागल्या. काय पाह्यजे तुमाले? अन् तुमी हो? काय सांगतलं होतं मी?"

नवऱ्याने डोळे पुसले. "मले नाही जमलं वं. दुकान हाये म्हनलं असतं. पोरगी नाही म्हनता नाही आलं."

बाई उठली नाही. तिने मला हाताने खाली बसायची खूण केली आणि म्हणाली, "मी पोराची मावशी. अचलपूरच्या पोराची. अंजनगावले राह्यतो आमी."

मी बसले.

"तुमी चक्कीवर गेल्या, तं मी तुमच्या बाजारात गेल्ती. तुमच्याचकडून मेथी घेतली, तुमी माह्या हाताकडंच पाहून राह्यल्या होत्या, तोंड नाही पाह्यलं. जुडी सोडून पाह्यली, आत शिळी नव्हती. तिथंच समजलं का तुमी चिखलदऱ्याले निघाल्या. म्हनलं, मानूस पाहाचा तं त्याच्यासंग परवास करून पाहावं."

"डबे दोन काहून येते?" माझ्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला.

"माह्या बहिनीले शुगर हाये. तिचं पीठ येगळं. भाऊजी चिल्लावते थे तिच्याच पाई." तिने चष्मा काढून पुसला. "पन ताई, चक्कीवर कायले जाता? मीबी गेल्ती. माही पोरगी देल्ली तवा त्याहिच्या चक्कीवर गेली, किरान्यात गेली, साऱ्या गल्लीत विचारलं. सारे म्हने लय चांगलं घर. जे मांगतलं थे आमी देल्लं. तवापासून आमच्या घरात, बहिनीच्या घरातबी, कोनी कोनाले काही मांगत नाही."

मफलरवाला चालत दूर गेला आणि दरीकडे तोंड करून उभा राहिला.

"तिनं फोन केल्ता," बाई म्हणाली. "मले घेऊन जा म्हने. मी म्हनलं, दिवाळी होऊ दे माय, चार लोकं काय म्हनतीन, दिवाळीले तं येशीनच. दिवाळीच्या आधीच आनली तिले, चादरीत गुंडाळून. पन थे बोलत नव्हती मंग."

वाऱ्याने गवत हलत होतं. सबंध वाट मी तिला चोर म्हणत आले होते, आणि ती मात्र आमच्या मुलीसाठी आमच्या मागे फिरत होती.

"तुमी कारंज्याच्या वेशीपाशी म्हनल्या, पोरगी नाही आमाले. थे आयकून मी रातभर जागी होती. म्हनलं, आताच नाही म्हनते, तं मंग काय म्हनन? भाऊनं आज खरं सांगतलं म्हून बोलली, नाही तं इथूनच नाही सांगून देल्लं असतं बहिनीले. आमचं घर चांगलं हाये, पोरगा चांगला हाये. पन घर चांगलं हाये असं सारेच सांगते, म्हून तुमालेच विचारतो. उद्या तुमच्या पोरीनं फोन केला, मले घेऊन जा म्हनून, तं काय सांगसान?"

मुलाकडच्या माणसाने मुलीच्या आईला हे विचारावं, असं मी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही मुलं तपासतो, घरं तपासतो, पिठाचे डबे तपासतो. मुलगी परत यायची म्हणाली तर आपण काय करू, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या बहिणींना कुणी विचारलं नव्हतं. मलाही नव्हतं. सासरी पहिल्या वर्षी मी आईला तसा निरोप धाडला होता आणि तिने पापड पाठवले होते.

"त्याच गाडीनं येईन," मी म्हटलं. "चार लोकं काय म्हनतीन थे आल्यावर आयकीन."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी अडत्याच्या काट्याकडे बघते तशी. मग म्हणाली, "बरं."

लग्न उन्हाळ्यात आमच्या मळ्यातच झालं. मुलगी गाडीत बसायच्या वेळी रीतीप्रमाणे एकेक बाई तिच्या गळ्यात पडून सांगत होती, आता तेच तुझं घर, सांभाळून राह्यजो, दोन्ही घरचं नाव राखजो. माझी जाऊ म्हणाली, शेजारीण म्हणाली. माझी पाळी आली तेव्हा मी मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नाही जमलं तं ये. दिवाळीची वाट पाहू नको."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अपशकुनी बोलली, असं कुणीतरी मागे पुटपुटलं. वरमाई कपाळाला आठ्या घालून गाडीजवळ उभी होती. तिच्या शेजारची मावशी मात्र पुढे आली, माझा हात धरला आणि गाडी निघून धूळ खाली बसेपर्यंत तिने तो सोडला नाही.